पुढचा ब्रेक

केबल नवी घातली. शू नवे घातले.
लिव्हर हँडलला टेकला
तरी तवंदीच्या उतारावर येझदी आपली चाललेली,
हो हो म्हणत.
उसाच्या ट्रॉलीचं मागचं फळकूट
हात लावण्याइतकं जवळ आलं, तेव्हा थांबली.
पाचटाचा एक तुकडा हेडलाइटवर अडकलेला, तो घेऊनच
निपाणीत आलो.

जुन्या पी. बी. रोडला, तंबाखूच्या वखारीला लागून
दस्तगीर मिस्त्रीचं दुकान. चार पत्रे, एक बाक,
आणि भिंतीवर टांगलेली चाकं, कुणाकुणाची.
त्यानं पान्यानं तारा वाजवत चाक फिरवलं.
टिंग, टिंग, टिंग, बद्द.
परत फिरवलं. परत तिथंच बद्द.
ती तार आवळली आणि म्हणाला, हे कारण नव्हे.
मग लिव्हर दाबला.
"हिडियंगिल्ल," असं स्वतःशी,
आणि माझ्याकडं वळून, "धरंना झालाय."
हे मला ठाऊक होतं. तरी बरं वाटलं
दोन भाषांत कुणी सांगितल्यावर.

चाक काढलं. ड्रममधनं काळी भुकटी सांडली
आणि जळक्या लायनरचा तो वास,
अप्पांच्या शर्टाला यायचा तो.
"शू नवा, आणि घासलाय बघ कुठं?
टोकाला. पेराएवढा. बाकी कोरा."
कॅमजवळ शूच्या पायाला दुमडून बसवलेला पत्रा होता.
हे कुणी घातलं?
मीच. म्हणजे जुन्या शूवरनं काढून
नव्यावर बसवलं. मला वाटलं कंपनीचं असेल.

दस्तगीर हसला नाही. पक्कडीनं पत्रा सरळ केला.
कसल्याशा डब्याचा कापलेला तुकडा,
रंग उडालेला, एकच गोल अक्षर उरलेलं.
"ठ," तो म्हणाला, "कानडीतला."
मला तो मराठीतला वाटत होता.
उन्हात धरून दोघांनी बघितला,
मग त्यानंच तो बाकावर ठेवला.
शू झिजला की असला पत्रा सारतात, म्हणाला,
नव्या शूचे पैसे नसले की.

अप्पा वसुलीला हुक्केरी, संकेश्वर, गडहिंग्लज फिरायचे.
घाटात पुढचा ब्रेक मारायचा नसतो, म्हणायचे,
दुसऱ्या गिअरवर, निधान यायचं.
वीस वर्षं आम्ही त्याला शिस्त समजलो.

ड्रम पेट्रोलनं पुसला. लायनरवर पॉलिश पेपर,
शूच्या कडेला कानस, दोनच हात.
कॅमला ग्रीस काडीच्या गुलाएवढं.
("जास्त लावतात. मग ब्रेक लोणी खातो.")
चाक चढवलं, अ‍ॅक्सल ढिला ठेवला.
"आता लिव्हर दाब. धर. सोडू नको.
प्लेट आपली आपण मध्यात बसती."
आणि एकोणीसचा पाना शेजारी दिलाय म्हणून
आणायला गेला.

गेला तो गेला.
पत्र्याच्या पलीकडनं त्याचं कानडी ऐकू येत होतं,
कुणाच्या तरी भाचीचं लग्न, घटप्रभेला, जेवणाला किती माणूस.
माझी बोटं आधी लाल, मग पांढरी.
दुसरा हात लावावा तर फोन वाजायला लागला.
वाजू दिला.
लग्नाला सातशे माणूस ठरलं तेव्हा तो आला.
"धरलास न्हवं?"
नट आवळला. "सोड."
बोटं उलगडायलाच तयार नाहीत.

संध्याकाळी तवंदी उतरलो.
मध्यावर, मागंपुढं कुणी नसताना, दाबला.
गाडीनं मान खाली घातली आणि उभी राहिली.
उगीच थोडा वेळ तिथंच थांबलो.
सायलेन्सर टिकटिकत होता.

रविवारी आईला स्तवनिधीला नेलं.
परतीला उतार लागला आणि जाणवलं,
मागं, पायदानावर,
तिचा पाय दाबला जातोय.
वळण येईल तसा जास्त.
म्हटलं, आई, धरतोय आता ब्रेक.
"बघू," म्हणाली,
आणि पाय काही उचलला नाही.