जे आधी येईल ते

एकतीस वर्षं मी बेअरिंगं मोडली.
चिंचवडला, शेडच्या मागल्या अंगाला, टेस्ट लॅबमध्ये.
भार द्यायचा, तेल द्यायचं, फिरवत ठेवायचं
आणि कान देऊन बसायचं.
शंभरातली पहिली दहा किती तासांत जातात
तो आकडा लिहायचा. तेच त्यांचं आयुष्य.
उरलेल्या नव्वदांचं पुढे काय झालं
हे सहसा कुणी विचारत नसे.

म्हणून वाकडच्या शोरूममधला खळदकर नावाचा पोरगा
"सर, दहा वर्षं बघायला नको" म्हणाला तेव्हा
मी विचारलं, हे मॉडेल येऊन किती झाले?
"चौदा महिने, सर."
मग दहा वर्षं कुणी पाहिली?
तो हसला. टायवर अजून घडीची रेघ होती.
विजूने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

खरं तर मी ठरवूनच गेलो होतो.
चारी चाकांना जोर, खाली अवजड सांगाडा,
गिअरशेजारी दुसरा एक बुटका दांडा,
हलवायला मनगट लागतं असा.
जावई म्हणाला, कोथरूडात कशाला? भाजी आणायला?
मी म्हटलं, कर्वे रोड बघितलास का हल्ली?
हे काही उत्तर नव्हतं.
पुण्यात चालून जातं.

वॉरंटीचा कागद चष्मा पुसून वाचला.
तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर,
जे आधी येईल ते.
क्लच नाही, ब्रेकचे पॅड नाहीत, रबराचं काही नाही,
थोडक्यात, झिजतं ते काहीच नाही.
स्टेंटच्या वेळी सही केली तो कागद
याहून लहान होता,
आणि त्यात किलोमीटर नव्हते.

वस्तू दगावते ती लहानपणी, नाहीतर म्हातारपणी.
मधे सपाट पट्टा, लांब, कंटाळवाणा, सुखाचा.
फळ्यावर ती रेघ मी नव्या पोरांना काढून दाखवायचो:
घंगाळ मधोमध चिरल्यासारखी.
गाडी डाव्या काठावर, मी उजव्या.
विजू म्हणते, तुम्ही सपाटीवर होतात
तेव्हा घरी कुठे होतात?

चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर स्वस्तिक उमटलं,
आणि नवव्या दिवशी आवाज आला.
टिक. टिक-टिक. खड्ड्यात जास्त.
सस्पेन्शन? स्टिअरिंगचा जॉइंट?
रात्री वहीत लिहिलं: वेग, रस्ता, तापमान.
सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, नॉर्मल आहे.
शेवटी नाना पेठेत, रझाक मिस्त्रीकडे,
ज्याने माझी जुनी जीप बावीस वर्षं जगवली.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
शेजारी बसला, क्वार्टर गेटपर्यंत एक फेरी,
मग हात लांबवून इग्निशनला लटकणारा जुडगा
मुठीत धरला.
आवाज बंद.
"गाडी नाही बोलत, साहेब. किल्ल्या बोलतात."

जुडग्यात घर, कपाट, गच्चीचं दार
आणि लॅबच्या लॉकरची चपटी किल्ली,
निवृत्तीच्या दिवशी परत करायची राहिलेली.
लॉकर आता शेडसकट गेला.
ती काढून मी खिशात ठेवली.
गाडी गप्प झाली. मला करमेना.

रविवारी वेल्ह्याच्या पुढे, डांबर संपलं तिथे
बुटका दांडा ओढला. कुरकुरत बसला.
दगडांवरून चढलो, बैल चढतो तसे, खालमानेने,
विजू दातावर दात धरून,
मागे डबा आणि माझ्या गोळ्या गडगडत.
वर पोचल्यावर तिने काचेवरचा स्टिकर
मोठ्याने वाचला: पहिली सर्व्हिस,
पाच हजार किंवा सहा महिने,
जे आधी येईल ते.
आणि हसत सुटली. काय झालं ते सांगेना.

मी इंजिन बंद केलं.
तापलेलं लोखंड निवू लागलं.
टिक.
टिक-टिक.
सवयीने कान दिला.