माउंटच्या खाली

रुवीत, बस अड्ड्यामागच्या गल्लीत
मोईदीनच्या दुकानात फोटो घेऊन गेलो.
धूसर आहे, तो म्हणाला. लेन्स खराब?
लेन्स नाही, ऑगस्ट.
एसीच्या गाडीतून उतरलो आणि काच घामाघूम,
पुसायच्या आत बटण दाबलं गेलं.
म्हणून पाकळ्यांना कडा नाहीत,
जांभळा पांढऱ्यात पसरत जातो
ओल्या धोतराला लागलेल्या शाईसारखा.
मधला मुकुट तेवढा नीट आलाय
आणि त्यावर एक मुंगी,
तीही अर्धीच.

झाड कुठलं?
रुई. आमच्याकडे हिच्या पानांची माळ
शनिवारी मारुतीच्या गळ्यात असते.
रुवीतली रुई, म्हणून मी हसलो.
तो हसला नाही. विनोद मराठीतच राहिला.

काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे
तो फोटोवर सरकवू लागला.
उजवीकडचा निळा टँकर गेला.
वरची विजेची तार गेली.
वाळू गेली, बाटलीच्या झाकणासकट.
फूल मोठं होत गेलं,
पत्त्यातून गल्ली, गाव, पिनकोड काढले
की नाव उरतं तसं.

डाव्या कडेशी पुठ्ठा थांबला.
इथे कुणाचं तरी बोट आहे.
कापू?

दिगंबरचं.
वारा सुटला होता, देठ ठरत नव्हता,
त्यानं चिमटीत धरला. म्हणाला, घे लवकर,
चीक डोळ्यात गेला तर टँकर काय तू चालवणार?
नख पान्याखाली चेचलेलं, आत रक्त साकळलेलं,
फुलाच्याच रंगाचं, जरा जुनं.
मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला.
जाताना कुकर मला देऊन गेला,
शिट्टी सोडून.

मोईदीननं पांढऱ्याचे चौदा तुकडे मांडले.
मी ताकाच्या रंगाचा उचलला.
खालची पट्टी बोटभर जास्त ठेवतो, तो म्हणाला,
नाहीतर चित्र घसरल्यासारखं वाटतं.

बोटभर.

कापू नका, म्हणालो. झाका.
माउंटच्या खाली राहू दे ते.
भिंतीवर फूलच दिसेल, स्थिर,
आणि कुणी विचारणार नाही
एवढ्या वाऱ्यात ते हललं कसं नाही.

त्यानं ब्लेड तिरकं धरलं,
खिडकीच्या चारही कडांना उतार दिला.
फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं
मल्याळममध्ये काहीतरी लिहिलं.
अडीच रियाल. शुक्रवारनंतर या.