माइंड

लेतेब्रहानच्या वहीत, पान अकरा:
माइंड – हरकत असणे.
खाली तिग्रिन्या लिपीत दीड ओळ,
बाजूला कपाच्या बुडाचा गोल डाग.

खिडकी उघडायची असली तर इथे विचारतात,
तुमची हरकत आहे का?
उत्तर 'नाही' आलं की उघडायची.
पहिला महिनाभर ती 'नाही' ऐकून
कडीवरचा हात मागे घ्यायची
आणि हीटरच्या उबेत सहा म्हातारे
शिजत बसायचे, कुरकुर न करता.

मी तिला सांगितलं, आमच्याकडेही असतात असे,
'नको, नको' म्हणत ताट पुढे करणारे.
आणि 'माइंड करू नका हं' म्हणून
नेमकं लागेल तेच बोलणारेही.
ती हसली. लिहून मात्र घेतलं नाही.

शब्द तिच्या मागेच लागला होता.
तळघराच्या दारावर: डोकं सांभाळा.
बसथांब्यावर एक बाई: पिशवी बघतेस जरा? आलेच.
(बाई वीस मिनिटांनी आली. बस गेलेली.)
मासळीच्या दुकानात, धुरातला की ताजा, तर
पुढचा माणूस खांदे उडवून म्हणाला, कुठलाही चालेल,
त्यातही तोच.
आणि कप फुटला, फॉर्म चुकला, भाऊ फोन उचलत नाही,
सगळ्यावर एकच फडकं फिरवायचं: नेव्हर माइंड.
जाऊ दे गं.

सात नंबरच्या खोलीत एफी स्वँकी, वय एक्क्याण्णव.
आर्ब्रोथच्या बंदरावर जन्म गेला,
हॅडॉक शेपटीला शेपूट बांधून
धुरावर टांगण्यात.
बोटं अजून चादरीच्या काठाला गाठी मारतात.
एका सकाळी तिने विचारलं,
डू यू माइंड द बोट्स?

लेतेब्रहानने मनातल्या मनात पान अकरा उघडलं.
नाही, म्हणाली, अगदी आदबीने,
माझी काहीच हरकत नाही.

एफीने मान वळवली.
कुणालाच नाही, म्हणाली भिंतीला.
लापशी तशीच राहिली. तिच्यावर साय धरली.

दुपारी सेंगा, स्वयंपाकीण, हसून हसून
ओट्याला टेकली, मग एकदम गप्प झाली.
अगं, आमच्याकडे माइंड म्हणजे आठवणं.
बोटी आठवतात का, विचारत होती ती.
त्या यायच्या ते.

लेतेब्रहान मस्सावाची.
तिथेही बंदर आहे. तिचा बाप
सांबुकच्या फळ्यांच्या फटी कापसाने बुजवायचा,
शार्कच्या तेलाचा वास घरभर,
उशीलासुद्धा.
शेवटची बोट मात्र वेगळी होती, रात्रीची,
तिच्याबद्दल ती बोलत नाही.

मी औषधांची गाडी घेऊन दारात होते.
ती पलंगाशी वाकली आणि म्हणाली,
येस. आय माइंड.
आय माइंड द बोट्स.

व्याकरण बरोबर होतं.
मला दोन्ही अर्थ ऐकू आले,
आठवतात,
आणि हरकत आहे, आहेच,
आणि माझ्या कानाला सवयीने
त्यात 'मन' पण लागलं, ते माझं मी.

एफीने तिचं मनगट धरलं.
किती होत्या?
चाळीस, लेतेब्रहान म्हणाली.
आमच्या जास्त, एफी म्हणाली,
आणि गाऊनचा पट्टा सोडून तिच्या हातात दिला:
धर. दोन लागतात नेहमी.
एकटा मासा काठीवर टिकत नाही, घसरतो.

दुसऱ्या दिवशी यातलं तिला काहीच आठवत नव्हतं.
पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच उत्सुकतेने.
आता रोज विचारते. रोज उत्तर मिळतं,
बोटींचा आकडा बदलतो, कधी वाढतो.

वहीत जुना अर्थ खोडलेला नाही.
त्याच्याखाली नवा आहे, वेगळ्या शाईत,
आणि त्याच्याखाली
तिने चार ओळी कोऱ्या सोडल्यात.