सर्वांत खालची ओळ

सोहारच्या दवाखान्यात नर्सने
अब्बांच्या हातात एक पुठ्ठा दिला.
वरच्या ओळी ठळक, मग बारीक, मग त्याहून बारीक,
सर्वांत खालची मुंग्यांच्या रांगेसारखी.
ती वाचता आली तर वेल्डिंग इन्स्पेक्टरचा परवाना
आणखी पाच वर्षं.
अब्बांनी पुठ्ठा जवळ आणला, लांब धरला,
चष्मा पुसला, खिडकीकडे वळले,
आणि म्हणाले, "छपाईच खराब आहे."

मी शेजारच्या बाकावर. माझ्या मुठीतही टोकन होतं,
सत्तावीस नंबरचं. आणि फोनमध्ये
जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं पत्र,
धातुशास्त्र, दोन वर्षं, महिनाअखेर कळवा.
नऊ दिवस झाले. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

बाकी सल्ले सगळ्यांचे सांगून झालेत.
कुवेतचे फुप्पा म्हणतात, पाइपिंग डिझाइन शिक, एसीत बसशील.
तलहाचं म्हणणं, सेफ्टीचा कोर्स, त्यात मुलींना घेतात.
मुमानीला एम.टेक. हवं,
शिकायला नव्हे, बायोडाटात लिहायला.
अब्बा एकटे काही बोलत नाहीत.
शटडाउनच्या दिवसांत रात्री दोनला येतात,
बूट दाराबाहेर काढतात,
फलज अल कबाइलच्या त्या दोन खोल्यांत
गरम लोखंडाचा वास त्यांच्याआधी पोचतो.

लहानपणी मला वाटायचं, ते जनावरांचे डॉक्टर आहेत.
कपाटात एक एक्स-रे होता,
लांबट, राखाडी, मधून पांढरा पट्टा.
कंपनीने टाकून दिलेली फिल्म.
ट्यूबलाइटसमोर धरून ते दाखवायचे:
हे काळे ठिपके, आत हवा राहिली,
ही सरळ काळी रेघ, मुळाशी सांधा धरलाच नाही,
वरून बघशील तर गुळगुळीत.

रत्नागिरीच्या कॉलेजात चार वर्षं
कुणी मला फिल्म दिली नाही.
लोखंड-कार्बनची आकृती दिली, ती मी घोकली,
सातशे तेवीस अंश झोपेतही सांगेन,
पण वाकडीतिकडी केसाएवढी रेघ
चीर आहे की नुसता ओरखडा
हे विचारलंत, तर मी अब्बांकडे बघते.

परवा टाकीचा एक सांधा रात्री पास झाला
आणि सकाळी तडकला.
अब्बा म्हणाले, रॉड भाजून घेतले नव्हते,
समुद्राकाठची हवा, रॉडने पाणी प्यालं.
मी म्हटलं, हायड्रोजन.
ते म्हणाले, असेल.
मग आम्ही दोघं गप्प जेवलो.
त्यांनी ते पाणी कधी पाहिलं नव्हतं,
मीही तो हायड्रोजन पाहिला नव्हता.

"सत्तावीस."
मी पुठ्ठा घेतला. खालची ओळ एका दमात वाचली.
नर्सने शिक्का मारला: मस्कतमधल्या ट्रेनिंगसाठी दृष्टी योग्य.
अब्बा भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे पाहत होते.

बाहेर कॅफेटेरियात दोन करक चहा.
"काय लिहिलं होतं शेवटच्या ओळीत?"
मला आठवेना. मी अक्षरं वाचली होती,
वाक्य नाही.
ते हसले, बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.
तेव्हा मी जर्मनीचं सांगितलं.

त्यांनी आधी युरोचे रियाल केले, बोटांवर,
मग कोकणातल्या घराचं अर्धवट राहिलेलं छप्पर आठवलं असावं,
कारण बोटं थांबली.
"तिकडे थंडी असेल," ते म्हणाले.
"रॉड लवकर दमट होत नसतील."

रात्री विद्यापीठाला लिहिलं:
प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का?
कारण लिहायला पाच ओळींची जागा होती.
तीन वेळा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं,
की आधी मला चीर ओळखायला शिकायचंय,
ती का पडते ते विचारायला मी नंतर येईन.

उत्तर अजून आलेलं नाही.
शनिवारी मस्कतची बस आहे, सकाळी सहाला.
अब्बांनी ती फिल्म माझ्या बॅगेत घातलीय,
कपड्यांच्या मधोमध, वाकू नये म्हणून.