कूलरची टाकी

आई मेडिकलला नाइटला गेली की
कूलरची टाकी भरणं माझ्याकडे.
पाइप लावायचा, उभं राहायचं,
पाणी काठाला आलं की नळ बंद.
यात चुकण्यासारखं काही नाही,
तरी मी चुकतो.
वाहू देतो मुद्दाम, गॅलरीतून जिन्यावर,
जिन्यावरून खालच्या रामटेके काकूंच्या पायपुसण्यापर्यंत,
आणि कान देऊन बसतो.
"काऊन बे, झोपला का? टाकी वाहून राहिली ना!"
असं ओरडायचे बाबा.

ते आता बुटीबोरीला असतात.
असतात म्हणजे राहतात.
राहतात म्हणजे...
आई हे वाक्य इथंच सोडते,
कणीक भिजवायला घेते.
क्लासात मी सांगितलंय, दुबईला आहेत.
तिथं सगळ्यांना खरं वाटतं,
तिथं माझं नाव एकशे चौदा आहे.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
फिजिक्स बुडवून बसलो बसमध्ये.
खिडकीचा लोखंडी गज हात लावू देत नव्हता.
शेजारी एक बाई, मांडीवर खसच्या नव्या ताट्या,
खापरीपर्यंत मी तो वास घेत राहिलो
चोरून, जसा काही तिचाच होता.
काय बोलायचं ते तोंडपाठ होतं.
पहिलं वाक्य : "इकडून जात होतो."
दुसरं अजून ठरलं नव्हतं.

घर पिवळं. गेटला नवीन रंग.
मी समोरच्या पंक्चरवाल्याच्या सावलीत.
बाबा बनियनवर, कूलरचं दार काढून
ताट्या बदलत होते. तसेच, गुडघा मोडून,
दातांत सुतळी धरून.
आणि एक पोरगी, चारेक वर्षांची,
दोन्ही हातांनी पाइप धरलेली.
टाकी भरली. वाहायला लागली.
फरशीवर, चपलांवर, बाबांच्या गुडघ्यावर.

आता, म्हटलं मी. आता ओरडतील.

ते हसले.

पंक्चरवाला म्हणाला, "हवा भरायची का?"
माझ्याकडे सायकलच नव्हती.

परतीच्या बसमध्ये मला तिचा राग येत नव्हता,
हे मी तीनदा तपासून पाहिलं.
फक्त वाटत होतं, कोणीतरी तिला सांगावं
नळ कसा बंद करतात ते.
मी सांगितलं असतं.
मी बरा सांगतो.

त्या रात्री पाणी पुन्हा जिन्यावरून गेलं.
काकूंनी दार उघडलं. मी श्वास धरला.
त्यांनी पायपुसणं पिळलं,
ग्रिलवर वाळत टाकलं,
वर एकदा पाहिलं
आणि दार लावून घेतलं, हळू,
घरात कोणी आजारी असल्यासारखं.

सकाळी आई आली,
चपला हातात, ओल्या जिन्यावरून अनवाणी.
"पुरलं का पाणी रात्रभर?"
हो म्हणालो.
ती कूलरसमोर बसली डोळे मिटून,
पदर मागे उडत राहिला.
आणि मी उभा, पाइप गुंडाळत,
एवढा सावकाश
की संपू नये.