पलंगाची उंची

आमचा पलंग आता चार बोटं उंच झालाय.
पायांखाली ठोकळे मीच तासून घातले,
कारण खोकी आत सरकत नव्हती.
वीस खोकी, खोक्यात वीस प्रती.
पहाटे उतरताना एदुविना शिवी हासडते
आणि ती माझ्या वाट्याला येते, पुस्तकाच्या नाही.

नऊ वर्षं ती ओहोटीच्या मागे फिरली,
गळ्यात कॅमेरा, पायात माझे रबरी बूट,
चिलोएच्या या किनाऱ्यावर, मांडीभर गार पाण्यात
समुद्रशेवाळ उपसणाऱ्या बायकांच्या मागे.
पहिलं वर्ष त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही.
दुसऱ्या वर्षी म्हणाल्या,
नुसती उभी काय राहतेस, पोतं धर.
म्हणून दुसऱ्या वर्षाचे फोटो कमी आहेत.

सान्तियागोच्या प्रकाशकाने जेवायला बोलावलं.
पांढरंशुभ्र टेबल, एका माणसामागे तीन काटे.
पानं उलटताना तो म्हणाला, सुंदर. परत म्हणाला, सुंदर.
आणि सुंदरच्या मागून एक कागद पुढे सरकवला:
एकशे दहा फोटोंचे पंचावन्न करायचे,
प्रस्तावना त्याच्या मित्राची,
म्हाताऱ्या जरा कमी, धुकं जरा जास्त,
आणि छपाईचा निम्मा खर्च फोटोग्राफरने सोसायचा.
असंच असतं, तो म्हणाला.
नंतर चौकशी केली. असंच असतं.

परतीच्या फेरीबोटीत एदुविनाने हिशेब मांडला:
निम्म्या पैशात निम्मं पुस्तक,
तर पुऱ्या पैशात पुरं का नाही?
गणितात ती पहिल्यापासून कच्ची.
मी होडीचं इंजिन विकलं.

पुएर्तो मोंतच्या छापखान्यात तीन रात्री
ती यंत्राला खेटून उभी होती.
काळा अजून काळा कर, म्हणायची.
नाहुएल्किन, तिथला कारागीर, शाईचे हात पुसत म्हणायचा,
बाई, याच्यापुढे काळा नसतो.
तिसऱ्या पहाटे होता.

चुकाही आमच्याच, पदरमोड करून घेतलेल्या.
आतल्या पानावर आमच्याच गावाच्या नावातलं एक अक्षर गळलंय.
बावीस आणि तेवीस एकच गोष्ट दोनदा सांगतात;
त्या प्रकाशकाकडची मायतेन नावाची पोरगी
जिन्यात हळूच बोलली होती, यातला एक काढा.
तिचं बरोबर होतं. तिला एक प्रत पाठवली,
बावीसमध्ये खूण घालून.

दुकानदार विचारतात, वितरक कोण?
एदुविना माझ्याकडे बोट दाखवते.
मी वल्ही मारत बेटाबेटावर जातो, पुस्तकं ताडपत्रीत गुंडाळून.
कास्त्रोच्या दुकानात दोन प्रती गेल्या,
एक माझ्या भावाने घेतली.

जुलैत ओल खोक्यांच्या तळातून वर चढते.
त्याच जुलैत ऑर्फेलिना गेली.
तिची लेक भिजत दारात आली.
पुस्तक नको, म्हणाली, तेवढं परवडत नाही.
एक्केचाळीसावं पान कितीला?

एदुविना काही बोलली नाही.
खोकं ओढलं, प्रत काढली,
मासे साफ करायच्या सुरीने शिवणीलगत कापलं, सावकाश,
मी तिला पाव असा कापताना कधी पाहिलेलं नाही.
एक पान निघालं की त्याचं जोडपानही सैल होतं;
ते गळायला लागलं तशी तिने तेही दिलं.
शवपेटीवर मेणबत्त्यांमध्ये म्हातारी उभी राहिली,
खांद्यावर पोतं, डोळे बारीक,
कडेला दोऱ्याची भोकं.

तेव्हापासून आणखी चार जणी आल्या.

हिशेबाच्या वहीत मी त्या पाच प्रती
'खराब' या रकान्यात मांडल्या होत्या,
बुरशीने खाल्लेल्या नऊंच्या खाली.
तिने त्या खोडल्या आणि शेजारी नवीन रेघ ओढली.
त्या रकान्याला अजून नाव दिलेलं नाही.

परवा सान्तियागोहून पत्र आलं:
दुसऱ्या आवृत्तीचा विचार व्हावा, अटी त्याच.
तिने ते फाडलं नाही.
चुलीशेजारी ठेवलंय, लाकडांच्या वर,
आणि आजकाल लाकडं मी दुसऱ्या टोकाने उचलतो.