वरच्या खणात

चपलांच्या कपाटात, वरच्या खणात,
जिथे पॉलिशची डबी आणि कुणाचेच नसलेले बूट असायचे,
तिथे आता एक लॅपटॉप आहे,
फुटक्या स्क्रीनचा, पालथा घातलेला.
हर्षला त्याला तुमचं देवघर म्हणते,
कारण अंघोळ झाली की मी आधी तिकडे बघतो:
हिरवा दिवा लुकलुकतोय ना.

सुरुवात रागातून झाली.
फोन म्हणाला, जागा संपली, महिन्याला एकशे तीस.
त्याच आठवड्यात टीव्हीने बातम्या अडवल्या:
नव्या अटी मान्य करा.
रिमोटची खालच्या बाणाची कळ गेलेली,
'मान्य'पर्यंत पोचताच येईना.
नऊ दिवस आम्ही अटींच्या पहिल्या पानासमोर जेवलो.
आमटी, भात, कलम एक, पोटकलम अ.

एकतीस वर्षं मी कळव्याच्या कारखान्यात पॅनेल जोडली.
तार कुठून निघते, कुठे पोचते,
बोट ठेवून दाखवायचो.
आता विचारलं, माझे फोटो नक्की कुठे आहेत,
तर लोक वर बघतात.
वर कावळे आहेत, आणि सोसायटीची गळकी टाकी.

तळमजल्यावरच्या सुफियानने हार्ड डिस्क दिली,
सीसीटीव्हीतून निघालेली, सतराशे रुपये.
आत कुणाच्या तरी जिन्याची अकरा महिन्यांची शांतता.
एक बाई रोज सव्वासहाला दाराबाहेरचं दूध उचलते,
एकदा पिशवी फुटली तेव्हा तशीच पायरीवर बसून राहिली.
पुसताना वाटलं, निदान तिला सांगायला हवं होतं.

मग सगळं चढवलं.
लग्नं, बारशी, गॅसचं कार्ड,
आणि अण्णांची कॅसेट:
रेडिओ दुरुस्त करताना ते स्वतःशीच बोलतात,
हा नाही. हाही नाही. थांब, हा असेल.
मध्येच कथील वितळल्याची चुरचुर.

घरातल्या सगळ्यांना पासवर्ड दिला, निनादला सोडून.
त्याचं माझं बोलणं बंद आहे,
बदलापूरचा प्लॉट विकला त्या वर्षापासून.
तो ऐरोलीला राहतो. दिघ्यावरून रिक्षाने वीस मिनिटं.
त्याला कुणी दिला, मी विचारलं नाही.
पण सर्व्हर सगळं लिहून ठेवतो, तलाठ्यासारखा:
रात्री दोन चौदा. निनाद. अण्णा-रेडिओ. चार मिनिटं.
दोन दिवसांनी, एक पन्नास. तेच. चार मिनिटं.
परवा तीनदा.

शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते.
यूपीएस चाळीस मिनिटं ओरडतो, मग मान टाकतो.
शेजारच्या गडकऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून मी वायर ओढली,
फ्रिजसाठी म्हणून. फ्रिजला लावली नाही.
दूध नासलं. हर्षलाने पनीर केलं आणि एक शब्द बोलली नाही,
जे बोलण्यापेक्षा वाईट.

मागच्या महिन्यात अपडेट घेतलं आणि तो उठलाच नाही.
तीन दिवस. बॅटरीवर, जमिनीवर, मांडी घालून,
काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी वाचत होतो,
चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर.
तिसऱ्या रात्री दोन वाजता फोन एकदाच वाजला.
ऐरोलीचा. मी उचलेपर्यंत बंद.
मी परत केला नाही.
करून काय सांगणार, केबल सैल आहे?

केबलच सैल होती.
हर्षलाने छत्री ठेवताना धक्का लागलेला.
हा नाही, हाही नाही, असं म्हणत म्हणत सापडली,
आणि कोण म्हणतंय ते लक्षात आल्यावर
हात थोडा वेळ तिथेच राहिला.

कॅसेटची दुसरी बाजू अजून चढवलेली नाही.
तिच्यात आम्ही दोघं भांडतोय, पेचकस कुणी हरवला यावरून.
तो सात वर्षांचा असेल, मी अकराचा.
अण्णा म्हणतात, आधी दोघं गप्प बसा, मग सापडेल.
फाईलला नाव काय द्यावं कळत नाही.
आज गुरुवार. उद्या वीज नाही.
शनिवारी बघू.